यू८ मार्गावरची सहा स्टेशनं

बर्लिनच्या यू-बानमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, पहिल्यांदा शिरताना हात आपोआप कार्डाकडे जातो. पुणे असो, मुंबई असो की दिल्ली, मेट्रो म्हटलं की गेट आलं, कार्ड टेकवणं आलं. बर्लिनमध्ये टेकवायला काही नसतंच. रस्त्यावर निळ्या पाटीवर पांढरा 'यू' दिसला की जिना उतरायचा, थेट फलाट. पिवळी गाडी येते, दाराचं बटण दाबायचं, आत बसायचं. कुणी अडवत नाही, कुणी विचारत नाही.

तिकीट काढायचं असतंच. फलाटावर मशीन असतं. शहराचे अ, ब, क असे तीन झोन आहेत. मध्यवर्ती शहराला वेढणाऱ्या वर्तुळाकार रेल्वेच्या आतला तो अ, तिथून शहराच्या हद्दीपर्यंत ब, आणि पॉट्सडाम, विमानतळ वगैरे बाहेरचा भाग क. पर्यटकाचं बहुतेक काम अ-ब तिकिटात होतं. ते दोन तास चालतं. त्यात यू-बान, एस-बान, ट्रॅम, बस काहीही कितीही वेळा बदला, फक्त त्याच तिकिटावर उलटं परत यायचं नाही. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नसल्यातच जमा. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यात कधीही उभे राहतात आणि सापडलात तर ६० युरो दंड.

नवखा माणूस हे पाहून दोनपैकी एक प्रतिक्रिया देतो. एक तर, 'काय हा लोकांवरचा विश्वास!' किंवा, 'मग तिकीट काढतं कोण?' मुंबईच्या लोकलने वाढलेल्या माणसाला खरं तर यात नवल वाटायला नको. लोकललाही गेट नाही, तिथेही टीसीचाच भरवसा. पण या शहराच्या बाबतीत दोन्ही प्रतिक्रिया जरा घाईच्या आहेत. कोण गाडीत बसू शकतं, गाडी कुठे थांबते आणि कुठे थांबत नाही, हे इथे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा ठरवलं गेलं, आणि ते ठरवायला गेटची गरज कधी पडली नाही.

हे समजून घ्यायला एक मार्ग पुरतो: यू८. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा. अलेक्झांडरप्लाट्सला जायचं म्हणून पर्यटक तो हमखास पकडतात. पण त्याच्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

एका शहराचं एक तिकीट

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या इतिहासात बर्लिनचं नाव बरंच आधी येतं. वेर्नर फॉन झीमेन्सने १८७९ साली इथल्या एका प्रदर्शनात विजेवर चालणारी छोटी रेल्वे फिरवून दाखवली. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, शहराबाहेरच्या लिश्टरफेल्डमध्ये विजेची ट्रॅम सुरू झाली. १९०२ साली झीमेन्सच्याच कंपनीने बांधलेला यू-बानचा पहिला मार्ग खुला झाला. तो आजही चालू आहे, आणि त्यातून प्रवास करताना एक गोष्ट लक्षात येते. क्रॉइट्सबेर्गसारख्या कामगार वस्तीत गाडी लोखंडी खांबांवरून, लोकांच्या खिडक्यांसमोरून खडखडत जाते. पुढे नोलेनडोर्फप्लाट्सपाशी ती जमिनीखाली शिरते. कारण पुढे शार्लोटेनबुर्ग लागायचं. ते तेव्हा वेगळं आणि श्रीमंत शहर होतं, आणि आपल्या रस्त्यावर असले खांब त्याला नको होते. पैसेवाल्यांना बोगदा, बाकीच्यांना पूल. पहिल्या गाड्यांत डबेही दोन वर्गांचे होते, दुसरा आणि तिसरा.

शार्लोटेनबुर्ग वेगळं शहर होतं म्हटलं, कारण आज आपण ज्याला बर्लिन म्हणतो ते १९२०पर्यंत नव्हतंच. त्या वर्षी आठ शहरं, ५९ खेडी आणि २७ जहागिरी जोडून 'बृहद् बर्लिन' झालं. लोकसंख्या एकदम ३८ लाखांच्या घरात गेली. नकाशावर शहर एक झालं, पण त्यातून प्रवास करणाऱ्याला ते एक वाटत नव्हतं. यू-बान एका कंपनीची, ट्रॅम दुसरीची, बस तिसरीची. कंपनी बदलली की पुन्हा पैसे मोजा.

१९२६ मध्ये शहराच्या वाहतूक खात्याची सूत्रं एर्न्स्ट रॉयटर या माणसाकडे आली. त्याचं आयुष्य एखाद्या वेबसिरीजला लाजवील असं आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन रशियनांच्या कैदेत गेला. तिथे क्रांती झाल्यावर बोल्शेविकांना मिळाला आणि व्होल्गाकाठच्या जर्मन वस्त्यांचा कमिसार झाला. परत आल्यावर जर्मन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला, मग पक्षाशी बिनसलं आणि समाजवादी लोकशाही पक्षात गेला. आणि एवढी उलथापालथ करून शेवटी ज्या कामात रमला ते काम होतं बस, ट्रॅम आणि मेट्रोचं.

रॉयटरला हवी असलेली गोष्ट सांगायला सोपी होती. ज्या माणसाचं घर उत्तरेला आणि कारखाना दक्षिणेला आहे, त्याला मधे तीन वाहनं बदलावी लागली तरी तिकीट एकच लागावं. १९२७ मध्ये यू-बान, ट्रॅम आणि बस यांचं भाडं एकत्र आलं. १ जानेवारी १९२९ पासून तिन्ही सेवा एका कंपनीखाली आल्या. तीच आजची बीव्हीजी, पिवळ्या गाड्यांवर जिची अक्षरं दिसतात ती. नव्या मार्गांचं बांधकामही याच काळात जोरात होतं. उत्तरेच्या गेझुंडब्रुनेन आणि दक्षिणेच्या नॉयक्योल्न या दाट कामगार वस्त्या जोडणारा मार्ग पहिल्या महायुद्धाआधीपासून रखडलेला होता. शहराने तो हाती घेऊन १९२७ ते १९३० मध्ये टप्प्याटप्प्याने पुरा केला. तोच आज यू८. अलेक्झांडरप्लाट्सच्या भिंतींवरच्या निळसर हिरव्या टाइल्स त्याच काळातल्या, आल्फ्रेड ग्रेनांडर या स्वीडिश वास्तुविशारदाच्या.

एक धागा मात्र या एकीकरणाबाहेर राहिला. एस-बान. हिरव्या वर्तुळात पांढरा 'एस' असलेली ही उपनगरी रेल्वे शहराची नव्हती, ती राष्ट्रीय रेल्वेची, म्हणजे 'राइशबान'ची. तेव्हा ही निव्वळ कारभारातली बाब होती. तीस वर्षांनी तिने काय केलं ते पुढे येईलच.

कोणी बसायचं

याच काळात, १९२८ साली, महाराष्ट्रातून एक तरुण विद्यार्थिनी बर्लिनला आली: इरावती कर्वे. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या. त्या डॉक्टरेटसाठी काम करत होत्या ती मानववंशशास्त्राची संस्था डालेम या हिरव्यागार उपनगरात होती, टीलप्लाट्स या यू-बान स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर. आज ते स्टेशन यू३ मार्गावर आहे. संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा संबंध वंशाशी आहे, युरोपीय माणसात ती वेगळी दिसते, अशा गृहीतकावर इरावतीबाईंना काम दिलं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. आपल्या मार्गदर्शकाच्या आवडत्या कल्पनेला नकार देणारा प्रबंध घेऊन त्या १९३०मध्ये डॉक्टर झाल्या.

संस्थेने त्यातून काही शिकल्याचं दिसत नाही. माणसांची वंशावरून प्रतवारी लावण्याला शास्त्राचा मुलामा देण्याचं काम ती नाझी राजवटीत करत राहिली. आणि अशी प्रतवारी एकदा राज्यकारभारात उतरली की ती कुठे कुठे पोचते, याचं एक उत्तर आहे: ट्रॅमच्या पायरीपर्यंत.

सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीतल्या ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. परवानगीशिवाय आपल्या वस्तीची हद्द ओलांडायला बंदी आली. एप्रिल १९४२ मध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी सार्वजनिक वाहतूक वापरायचीच नाही. सक्तीच्या मजुरीला लांब जाणाऱ्यांना तेवढी परवान्यावर सूट. म्हणजे तिकिटाचे पैसे खिशात आहेत, गाडी समोर उभी आहे, गेट नाही, आणि तरी चढायचं नाही. छातीवरचा कापडी तुकडा हेच गेट.

याच लोकांसाठी रेल्वेने दुसऱ्या गाड्या सोडल्या. एस७ पकडून शहराच्या पश्चिमेला ग्रुनेवाल्ड स्टेशनवर उतरा. टुमदार बंगल्यांचा भाग आहे. तिथे '१७ क्रमांकाचा फलाट' आता स्मारक आहे. रुळांच्या कडेने १८६ लोखंडी पत्रे बसवले आहेत. प्रत्येकावर एक तारीख, किती ज्यू नेले ती संख्या आणि कुठे नेले ते ठिकाण. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी हजारावर माणसांना घेऊन पहिली गाडी इथून लॉजच्या घेटोकडे निघाली. या प्रवासांचंही भाडं लावलं जायचं. राइशबान ते सरकारी यंत्रणेकडून वसूल करायची: तिसऱ्या वर्गाचं, एकेरी, दर किलोमीटरमागे ठरलेल्या दराने. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. हिशेब चोख होता. डेटाबेस आणि बिलिंगची कामं करणाऱ्या आमच्या पिढीने हे वाक्य दोनदा वाचावं असं मला वाटतं. यंत्रणा नीट चालते आहे, एवढ्यावरून ती काय करते आहे हे कळत नाही.

रॉयटर तोवर बर्लिनमध्ये नव्हता. नाझींनी त्याला दोनदा छळछावणीत टाकलं. सुटल्यावर १९३५ मध्ये तो तुर्कस्तानात गेला, तुर्की भाषा शिकला आणि अंकारात नगररचना शिकवू लागला. १९४६च्या अखेरीस परतला तेव्हा त्याचं शहर चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलं होतं. त्याच्याकडे पुन्हा वाहतूक खातंच आलं. १९४७ मध्ये तो महापौर निवडून आला, पण सोव्हिएत बाजूने मान्यता दिली नाही. पुढे तो पश्चिम बर्लिनचा महापौर झाला. त्याने एकत्र जोडलेली बीव्हीजी मात्र त्याच्याच डोळ्यांदेखत, १ ऑगस्ट १९४९ रोजी, पूर्व आणि पश्चिम अशी दुभंगली.

गाडी इथे थांबत नाही

कंपनी दोन झाल्या तरी रूळ एकच होते. १९५३च्या जानेवारीत ट्रॅम हद्दीवर थांबू लागल्या, पण यू-बान आणि एस-बान सरळ जात राहिल्या. पन्नास हजारांहून जास्त लोक पूर्वेत राहायचे आणि रोज पश्चिमेत कामाला जायचे. पूर्व जर्मनीच्या सरकारची खरी डोकेदुखी वेगळी होती. देशाची बाकी सीमा बंद होत आली होती, पण बर्लिनमध्ये एस-बानचं साधं तिकीट काढलं की चार स्टेशनांनी माणूस पश्चिमेत. सुटकेसचा संशय यायचा, म्हणून काही जण हात हलवत, अंगावरच्या कपड्यांनिशी निघत. १९४९ ते १९६१ मध्ये पंचवीस लाखांहून जास्त लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. त्यातल्या कितीतरी जणांच्या पलायनाचा शेवटचा टप्पा ही लोकल गाडी होती.

१३ ऑगस्ट १९६१, रविवार. पहाटे शहर उठलं तेव्हा हद्दीवर काटेरी तार लागलेली होती आणि गाड्या तुटल्या होत्या. आता यू८कडे पाहा. त्याची दोन्ही टोकं पश्चिमेत. गेझुंडब्रुनेनही पश्चिमेत, नॉयक्योल्नही. मधला पोटाचा भाग मात्र पूर्व बर्लिनच्या खालून जाणारा. पूर्वेने तो मार्ग बंद पाडला नाही. पश्चिम बर्लिनने वापराचे पैसे मोजायचे आणि गाड्या न थांबता न्यायच्या, असं ठरलं. मधली सहा स्टेशनं बंद झाली: बेर्नाउअर श्ट्रासे, रोझेनथालर प्लाट्स, वाइनमाइस्टर श्ट्रासे, अलेक्झांडरप्लाट्स, यानोवित्सब्र्युके आणि हाइनरिश-हाइने-श्ट्रासे. शेजारच्या यू६ मार्गाची आणि उत्तर-दक्षिण एस-बानच्या बोगद्याची तीच गत.

हद्दीच्या अलीकडच्या स्टेशनवर घोषणा व्हायची: पश्चिम बर्लिनमधलं शेवटचं स्टेशन. मग गाडी वेग कमी करून अंधुक उजेडातल्या फलाटांमधून सरकत जायची. धूळ, आणि भिंत बांधून केलेल्या चौकीच्या फटीतून बघणारे सशस्त्र पहारेकरी. ते जोडीने उभे असत. प्रवाशांवर लक्ष ठेवायला आणि एकमेकांवरही. लोकांनी या जागांना नाव दिलं, 'भुतांची स्टेशनं'.

वरच्या बाजूला, पूर्व बर्लिनच्या रस्त्यांवर, या स्टेशनांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, जिने भिंती घालून बुजवले होते. पूर्वेच्या नकाशांत ती नव्हतीच. अलेक्झांडरप्लाट्स हा पूर्व बर्लिनचा सर्वांत गजबजलेला चौक. तिथे पूर्वेचे लोक आपली यू-बान पकडत होते आणि त्याच स्टेशनात, बंद केलेल्या भिंतीपलीकडून, दुसऱ्या देशाचे नागरिक दर काही मिनिटांनी जात होते. पायाखाली घरघर व्हायची. पश्चिमेच्या नकाशांत ही स्टेशनं छापलेली असायची, पण इथे गाड्या थांबत नाहीत, अशा खुणेसह. एकच बोगदा, आणि त्याचे दोन नकाशे. एक सांगतो की इथे काही नाही. दुसरा सांगतो की आहे, पण तुमच्यासाठी नाही.

अपवाद फ्रीडरिशश्ट्रासेचा. हे स्टेशन पूर्वेत, पण पश्चिमेच्या गाड्या तिथे थांबत. पश्चिमेचा प्रवासी तिथे उतरून, पासपोर्ट न दाखवता, दुसरी गाडी पकडू शकत असे. फलाटावर पश्चिमेच्या चलनात स्वस्त दारू-सिगारेट विकणारं सरकारी दुकानही होतं. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, पूर्वेचे लोक आपली वेगळी गाडी पकडत. बाहेर काचेचा एक हॉल बांधला गेला, जिथून पश्चिमेचे पाहुणे परत जायचे. सोडायला आलेल्यांना दारापाशीच थांबावं लागे. लोक त्याला 'अश्रूंचा महाल' म्हणू लागले. आता तिथे संग्रहालय आहे, प्रवेश मोफत.

आणि एस-बान? ती राइशबानची होती, आणि युद्धानंतर राइशबानचा कारभार पूर्वेकडे गेला होता. त्यामुळे विचित्र परिस्थिती अशी की पश्चिम बर्लिनच्या आत धावणारी एस-बानसुद्धा पूर्व जर्मनी चालवत होतं आणि तिकिटाचे पैसे तिकडे जात होते. भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेतल्या कामगार संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, महापौर विली ब्रांट पाठीशी उभे राहिले. घोषणा होती की एस-बानचा प्रवासी काटेरी तारेचे पैसे भरतो. लोकांनी ऐकलं. स्टेशनांसमोर तिकीट घेऊ नका म्हणणारे फलक घेऊन माणसं उभी राहिली, एस-बानला समांतर बस सुरू झाल्या. २८ ऑगस्ट १९६१ला, भिंतीनंतर पंधरा दिवसांत, पूर्वेला अजिबात न शिवणारा यू९ मार्ग खुला झाला. एस-बानचे डबे वर्षानुवर्षं रिकामे धावत राहिले. १९८०च्या संपानंतर पश्चिमेतला तिचा बराचसा भाग बंदच पडला. ९ जानेवारी १९८४ला पश्चिमेच्या बीव्हीजीने ती चालवायला घेतली.

तिकीट न काढणं हेही राजकीय मत असू शकतं, हे बर्लिनने वीसेक वर्षं करून दाखवलं. त्यात एक बोचरी बाजू होती. गाडीला कसलाच पक्ष नव्हता. आपल्याच शहरातली सगळ्यात सोयीची रेल्वे लोकांनी स्वतःच ओस पाडली, आणि तरी त्यांना चूक म्हणवत नाही.

जोडकाम

९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री भिंत उघडली. दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, यू८वरचं यानोवित्सब्र्युके स्टेशन उघडलं. भुतांच्या स्टेशनांपैकी पहिलं. तिथे घाईघाईने तपासणीची टेबलं मांडली होती. डिसेंबरात रोझेनथालर प्लाट्स, पुढच्या एप्रिलमध्ये बेर्नाउअर श्ट्रासे, आणि १ जुलै १९९० रोजी, दोन्ही जर्मनींचं चलन एक झालं त्याच दिवशी, उरलेली.

स्टेशन उघडायला महिने लागले. शहर पुन्हा जोडायला त्याहून बराच वेळ. दोन बीव्हीजी १९९२ मध्ये एक झाल्या. मध्यभागी तुटलेला यू२ मार्ग १९९३ मध्ये जुळला. वर्तुळाकार रेल्वे, जिच्यावरून आज तिकिटाचा अ झोन ठरतो, ती भिंतीने आणि १९८०च्या बंदीने तुकडे झालेली होती. तिचं वर्तुळ पुन्हा पूर्ण झालं २००२ मध्ये. भिंत पडून तेव्हा बारा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. आज तासाभरात त्यावरून शहराला एक फेरी मारता येते.

आणि काही गोष्टी जुळल्याच नाहीत. पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये शेवटची ट्रॅम बंद केली, कारण भविष्य मोटारींचं आणि बसचं आहे असं तेव्हा वाटत होतं. पूर्वेने ट्रॅम ठेवल्या. १९९५ पासून त्या पश्चिमेत पुन्हा थोड्या थोड्या शिरताहेत, तरी आजचा ट्रॅमचा नकाशा उघडला तर जुनी सीमा अजून ढोबळमानाने वाचता येते. भिंत बघायला म्हणून पर्यटक तिच्या उरलेल्या तुकड्यांपाशी जातात. ती ट्रॅमच्या थांब्यावरही दिसते.

गेट नसण्याची किंमत

आता सुरुवातीचा प्रश्न. गेट नाही म्हणजे विश्वास का?

पूर्वी इथे स्टेशनच्या तोंडाशी तिकिटाला चिमटा मारणारा माणूस बसायचा. तो गेला, आणि आपल्या तिकिटावर शिक्का मारायचं काम आपल्यावर आलं. यात विश्वास आहेच. पण त्याच्या तळाशी एक कलम आहे. जर्मन दंडसंहितेचं २६५अ, फुकट प्रवासाला गुन्हा ठरवणारं. ते कायद्यात घातलं गेलं १९३५ मध्ये, नाझी राजवटीत. राजवट गेली, कलम राहिलं. वारंवार विनातिकीट सापडलेल्या माणसावर आजही फौजदारी खटला होऊ शकतो, कोर्ट दंड करतं, आणि तो भरायला पैसे नसतील तर त्याबदल्यात तुरुंग. साहजिकच यात जे अडकतात ते पैसे वाचवणारे चतुर पर्यटक नसतात. बहुधा बेघर, बेकार, व्यसनात किंवा आजारात सापडलेली माणसं असतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'फ्रायहाइट्सफोंड्स', म्हणजे स्वातंत्र्य निधी, नावाचा उपक्रम सुरू झाला. लोकांच्या देणग्यांतून असे दंड भरून त्याने आतापर्यंत हजारावर माणसं तुरुंगातून सोडवली आहेत. कलम रद्द करावं की नाही, यावर जर्मनीत वाद चालू आहे.

या वादात दुसरी बाजूही खोटी नाही. शहर चालवायला पैसा लागतो आणि जो रोज तिकीट काढतो त्याला न काढणाऱ्याचा राग येणारच. पण ६० युरो खिशात असलेल्यासाठी हा दंड आहे आणि नसलेल्यासाठी हीच तुरुंगाची वाट आहे, एवढं तरी मान्य करावं लागतं. गेट दारापासून उचललं आणि आत, न दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवलं. या शहरात ते याआधीही कधी डब्याच्या वर्गात, कधी कपड्यावरच्या ताऱ्यात, कधी नकाशातल्या कोऱ्या जागेत ठेवलेलं होतं. या सगळ्या गोष्टी एका मापाच्या नाहीत, त्यांना एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. तरी प्रश्न दरवेळी तोच राहतो: 'सार्वजनिक' म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण धरलेलं असतं?

रॉयटरचं उत्तर होतं, सगळे, एका तिकिटात. ते पूर्णपणे कधीच खरं झालं नाही, पण इतक्या मोडतोडीनंतरही लोक त्याकडेच परत परत येत राहिले, हेही खरं. २०२२च्या उन्हाळ्यात तीन महिने जर्मनीभर महिन्याला नऊ युरोत सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्रॅमचा पास मिळत होता. त्यातूनच पुढे २०२३ मध्ये देशभर चालणारा महिन्याचा पास आला. तो नऊ युरोइतका स्वस्त नाही, आणि त्याची किंमत वाढतेच आहे.

बर्लिनला गेलात तर तिकिटावर शिक्का मारा आणि फोल्टाश्ट्रासे स्टेशनवरून दक्षिणेकडे जाणारी यू८ पकडा. पुढच्या मोरिट्सप्लाट्सपर्यंत साधारण दहा मिनिटं लागतात. गर्दी असते, कुणी सायकल आत घेतलेली असते, कुणी फोनवर मोठ्याने बोलत असतं. मधे सहा स्टेशनं येतात. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते, दार उघडतं, आणि उतरणारे मागे न बघता उतरून जातात.